मराठी धडा येतांच मौन

मुकुंदवाडींतील एका दृष्टिहीन विद्यार्थ्याचा संगणक, अद्ययावत केल्यापासून, इंग्रजी वाची; मराठी धडा येतांच मात्र मौन धरी. परीक्षा तोंडावर आलेली. यंत्र बिघडलें असें आम्हांसही वाटलें. वस्तुतः पडदा वाचणारी आज्ञावली व तिचा आवाज हीं निराळीं असतात. ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली २०२० सालीं पायथन या संगणकभाषेच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेली, तेव्हां जुन्या घडणीचे कित्येक पुरवणी-आवाज चालेनासे झाले. नेहमींचा आवाज असा गळला, कीं आज्ञावली हाताशीं असेल तो घेते. तो निव्वळ इंग्रजी असल्यास देवनागरी अक्षरें बहुधा गाळूनच पुढें जातो. अशा वेळीं इन्सर्ट, कंट्रोल व एस या कळा एकदम दाबून ‘ईस्पीक एनजी’ निवडावा. मग एसऐवजीं व्ही दाबून त्यांतील मराठी आवाज घ्यावा. कानांस तो खरखरीत लागतो खरा. मुलानें मात्र त्याच संध्याकाळीं धडा पुरा ऐकला.