चौथ्या भागापासून सुरुवात : ‘स्टार वॉर्स’ पाहण्याचा क्रम

‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेतला सर्वांत आधी आलेला चित्रपट कथेच्या क्रमाने चौथा आहे. २५ मे १९७७ रोजी तो अमेरिकेतल्या मोजक्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्याला क्रमांक नव्हता आणि ‘अ न्यू होप’ हे उपशीर्षकही नव्हते. १९८० मध्ये ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आला. त्याच्या आरंभी वर सरकत जाणाऱ्या मजकुरात ‘पाचवा भाग’ असे शब्द पडद्यावर उमटले. पहिल्या चित्रपटाला ‘चौथा भाग’ ही ओळख १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात मिळाली. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ने ही पहिली त्रयी पूर्ण झाली. त्यानंतर सोळा वर्षांनी दिग्दर्शक जॉर्ज लुकास कथेत मागे गेला आणि १९९९, २००२ व २००५ मध्ये पहिला, दुसरा आणि तिसरा भाग घेऊन आला. सातवा, आठवा आणि नववा भाग २०१५ ते २०१९ या काळात डिस्नेच्या मालकीखाली निघाले. मुख्य कथेच्या कडेने जाणारे ‘रोग वन’ (२०१६) आणि ‘सोलो’ (२०१८) हे दोन स्वतंत्र चित्रपट धरले तर २०१९ पर्यंतची संख्या अकरा होते. सलग पाहायचे म्हटले तर सुमारे २५ तास लागतात, आणि त्यात दूरचित्रवाणीवरच्या मालिका धरलेल्या नाहीत.

कोणत्या टोकाने शिरायचे, हा प्रश्न नव्या प्रेक्षकाला म्हणूनच पडतो. क्रमांक दिलेले आहेत तर एकपासून सुरुवात करावी, असे कोणालाही वाटेल. पण या मालिकेत तो मार्ग पहिल्यांदा पाहणाऱ्याचे मोठे नुकसान करतो. त्याचे कारण पाचव्या भागात आहे. त्या चित्रपटाच्या उत्तरार्धात काळा मुखवटा घातलेला खलनायक डार्थ व्हेडर तरुण नायक ल्यूक स्कायवॉकरला एक गोष्ट सांगतो. तोवर घडलेल्या सगळ्या कथेचा अर्थ त्या एका वाक्याने पालटतो. हे वाक्य आजवर न ऐकलेले वाचक अजूनही असतात, म्हणून ते येथे दिलेले नाही.

निर्मात्यांनी त्या वाक्याची राखण किती काटेकोरपणे केली होती, हे पाहण्यासारखे आहे. चित्रीकरणाच्या वेळी व्हेडरच्या पोशाखात डेव्हिड प्राउझ हा नट होता आणि त्याला वेगळेच, खोटे वाक्य दिले होते. दिग्दर्शक अर्विन कर्शनरने खरे वाक्य ल्यूकची भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिलच्या कानावर घातले, तेही प्रत्यक्ष दृश्य टिपण्याच्या तोंडावर. व्हेडरचा आवाज जेम्स अर्ल जोन्सचा होता आणि तो नंतर ध्वनिमुद्रित व्हायचा होता, त्यामुळे ही युक्ती साधली. पहिला, दुसरा आणि तिसरा भाग ही गोष्ट मुळीच झाकून ठेवत नाहीत, कारण ती प्रेक्षकाला ठाऊक आहे असे गृहीत धरूनच ते लिहिले आहेत. क्रमांकाप्रमाणे पाहणारा माणूस पाचव्या भागातल्या त्या क्षणाशी पोहोचतो, तेव्हा त्याला त्यात नवे काहीच उरलेले नसते.

पहिल्या वेळेसाठी प्रदर्शनाचा क्रम, म्हणजे चार, पाच, सहा आणि मग एक, दोन, तीन, हाच सर्वांत भरवशाचा आहे. त्याला आणखीही आधार आहे. १९७७ चा चित्रपट या विश्वाची ओळख अगदी बेताबेताने करून देतो. ‘फोर्स’ ही सर्वव्यापी शक्ती, तिची साधना करणारे जेडाय योद्धे, त्यांची प्रकाशाची तलवार म्हणजे लाइटसेबर, हे सगळे ओबी-वॉन केनोबी हा वृद्ध ल्यूकला समजावून सांगतो आणि ल्यूकबरोबर प्रेक्षकही ते शिकतो. पहिला भाग मात्र जेडायांची संपूर्ण संस्था, सिनेट आणि व्यापारी महासंघाचा करविषयक तंटा प्रेक्षकापुढे एकदम उभा करतो. ज्याने पुढची कथा पाहिलेली नाही, त्याला यातले महत्त्वाचे काय आणि निव्वळ सजावट काय, हे उमगणे कठीण.

यातून मधला मार्ग काढण्याचाही एक प्रयत्न झाला. २०११ मध्ये एका अमेरिकी संगणक प्रोग्रामरने चार, पाच, दोन, तीन, सहा असा क्रम सुचवला. तो ‘मशेटी क्रम’ या नावाने जगभर गाजला. पाचव्या भागात रहस्य उघड झाल्यावर दोन चित्रपट पूर्वस्मृतीसारखे मध्ये येतात आणि मग सहावा भाग शेवट करतो. पहिला भाग यात पूर्ण वगळला आहे. रचना म्हणून ही कल्पना खरोखर हुशारीची आहे, कारण ल्यूकपुढच्या निवडीला तिसऱ्या भागाची पार्श्वभूमी मिळते आणि सहाव्या भागातला ताण वाढतो. पण पाचव्या आणि सहाव्या भागांमधली सलगता तुटते, आणि पहिल्या भागातले संगीत हातचे जाते. दुसऱ्या फेरीसाठी हा क्रम चांगला आहे.

कथेच्या काळाप्रमाणे, एकपासून नवापर्यंत पाहण्यातही गोडी आहे. मात्र तिची वेळ शेवट ठाऊक झाल्यावर येते. रामायण ऐकणाऱ्या श्रोत्याला रावणाचे काय होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असते, तरी त्याचे लक्ष ढळत नाही. तसाच हा अनुभव आहे. तेव्हा साऱ्या कथेचा नायकच बदलतो. ल्यूकच्या साहसाची जागा एका प्रजासत्ताकाच्या ऱ्हासाची आणि एका माणसाच्या अधःपाताची कथा घेते.

१९७७ च्या चित्रपटाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण त्याने पुढच्या सगळ्यांचे व्याकरण ठरवले. लुकासला आधी ‘फ्लॅश गॉर्डन’ या १९३० च्या दशकातल्या साहसी मालिकेवर चित्रपट करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्याने स्वतःचे विश्व रचले. सरकता मजकूर ही त्या जुन्या मालिकांचीच आठवण आहे. एका मोठ्या संघर्षाकडे दोन क्षुल्लक पात्रांच्या नजरेतून पाहण्याची कल्पना अकिरा कुरोसावाच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) या जपानी चित्रपटातून आली. तिथले दोन शेतकरी इथे दोन यंत्रमानव झाले. नायकाच्या प्रवासाचा साचा लुकासला जोसेफ कॅम्पबेल यांच्या पुराणकथांवरील अभ्यासात सापडला, तर अवकाशातल्या लढाया दुसऱ्या महायुद्धातल्या विमानयुद्धांच्या चित्रफितींवर बेतल्या.

लुकासला हव्या होत्या तशा वेगवान लढाया पडद्यावर आणणारी यंत्रणा तेव्हा अस्तित्वातच नव्हती. त्यासाठी त्याने १९७५ मध्ये ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ही कंपनी काढली. तिथे जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा कॅमेरा तयार केला की अवकाशयानाची प्रतिकृती जागेवर राहते आणि कॅमेरा तिच्याभोवती फिरतो. कॅमेऱ्याची प्रत्येक हालचाल यंत्राच्या स्मृतीत साठत असल्याने तीच हालचाल तंतोतंत पुन्हा करता येई. त्यामुळे यान, त्याचे दिवे, मागचे तारे असे वेगवेगळे टिपून एकाच चौकटीत जुळवता आले. पाहताना एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी : ही याने मळलेली, ठोकलेली, डागाळलेली आहेत. त्याआधीच्या बहुतेक अवकाशपटांत भविष्य चकचकीत असे. इथले जग वापरलेले दिसते, आणि म्हणून खरे वाटते. ल्यूकच्या वाळवंटी ग्रहाचे चित्रीकरण ट्युनिशियात झाले. त्याच्या घराचा अंतर्भाग म्हणजे मातमाता या गावातले जमिनीखाली खोदलेले एक हॉटेल आहे.

ध्वनीचे काम याच तोडीचे आहे. बेन बर्टने विद्युत वाद्यांपेक्षा आसपासच्या जगातून आवाज गोळा केले. लाइटसेबरचा गुंजारव जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीची घरघर आणि टीव्हीच्या नळीजवळून मिळालेला गुणगुणाट यांच्या मिश्रणातून आला. साम्राज्याच्या लढाऊ यानांच्या किंकाळीत हत्तीचा चीत्कार आहे, तर व्हेडरचा श्वास पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून घेतला आहे. चित्रपटाला स्पर्धेतले सहा ऑस्कर मिळाले, त्यात जॉन विल्यम्सच्या संगीताचा एक होता. बर्टला विशेष पुरस्कार मिळाला. चांगले स्पीकर किंवा हेडफोन मिळत असतील तर मोबाइलच्या पडद्यावर हा चित्रपट पाहण्याची घाई करू नये.

पाचवा भाग हा मालिकेतला सर्वोत्तम चित्रपट, असे बहुतेक जाणकार मानतात आणि ते योग्यच आहे. लुकासने त्याचा खर्च स्वतः उचलला आणि दिग्दर्शन कर्शनरकडे सोपवले. पटकथेचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या अनुभवी लेखिकेचा होता. तो लिहून झाल्यावर १९७८ मध्ये तिचे निधन झाले आणि लॉरेन्स कॅस्डनने काम पुढे नेले. बर्फाळ ग्रहाचे चित्रीकरण नॉर्वेतल्या फिन्से येथे १९७९ च्या हिवाळ्यात झाले. वादळ एवढे होते की काही दृश्ये हॉटेलच्या दारातून टिपावी लागली. योडा हा जेडाय गुरू म्हणजे फ्रँक ऑझच्या हातातली बाहुली. तिच्यासाठी सेटची जमीन उंचावर बांधली होती आणि चालवणारे खाली उभे असत. ही बाहुली विचार करताना दिसते, दमताना दिसते. पुढच्या संगणकीय योडाला ते क्वचितच साधले. ‘इम्पीरियल मार्च’ ही व्हेडरची प्रसिद्ध धूनही प्रथम याच चित्रपटात ऐकू येते. सहाव्या भागाचा मधला काळ थोडा सैल आहे, पण सिंहासनाच्या दालनातला शेवट ती उणीव भरून काढतो.

या तीन चित्रपटांच्या बाबतीत क्रमाइतकाच आवृत्तीचा प्रश्नही आहे. १९९७ मध्ये लुकासने त्यांच्या ‘विशेष आवृत्त्या’ काढल्या. त्यांत संगणकीय प्राणी, नवी दृश्ये आणि काही बदललेले प्रसंग घातले. चौथ्या भागातल्या मद्यगृहात हॅन सोलो हा तस्कर आणि त्याला पकडायला आलेला ग्रीडो यांच्यात आधी गोळी कोणी झाडली, हा वाद तिथूनच सुरू झाला. मूळ चित्रपटात हॅन एकटाच गोळी झाडतो, नव्यात ग्रीडो आधी झाडतो. हॅन स्वार्थी माणसापासून मित्रापर्यंत बदलत जातो, आणि या बदलाने त्याचा आरंभच बोथट झाला. २००४ च्या डीव्हीडीत आणि २०११ च्या ब्लू-रेत आणखी फेरफार झाले. घरबसल्या सहज मिळतात त्या या सुधारित आवृत्त्या. १९७७ चे मूळ रूप २००६ च्या डीव्हीडीसोबत पूरक चकतीवर आले होते, पण हलक्या दर्जात. जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या महोत्सवाची सुरुवात १९७७ च्या मूळ टेक्निकलर प्रिंटने केली. जो चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसंग्रहात १९८९ च्या पहिल्याच निवडीत आला, त्याचे मूळ रूप पाहण्यासाठी असा प्रसंग शोधावा लागावा, ही खेदाची बाब आहे.

पूर्वकथेच्या तीन चित्रपटांतले संवाद ताठर आहेत आणि अभिनय अनेकदा निळ्या पडद्यापुढे एकाकी पडलेला दिसतो. पण त्यांना निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. दुसरा भाग पूर्णपणे डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि त्याने साऱ्या उद्योगाची दिशा दाखवली. लोकशाही टाळ्यांच्या गजरात कशी संपते, हे तिसरा भाग आजही धारदारपणे दाखवतो. संगीत तर तिन्हींतले अव्वल आहे. पहिल्या भागाच्या अंतिम द्वंद्वातल्या ‘ड्युएल ऑफ द फेट्स’ या रचनेत समूहस्वर गातात ते संस्कृत शब्द. विल्यम्सने एका जुन्या वेल्श काव्यातल्या ओळी संस्कृतात उतरवून घेतल्या. त्याला हवा होता तो अक्षरांचा नाद, म्हणून अर्थ शोधायला गेले तर हाती फार लागत नाही. याच चित्रपटातल्या एका निरागस सुरावटीच्या अखेरीस त्याने ‘इम्पीरियल मार्च’चे सूर दडवले आहेत. आधी पाचवा भाग पाहिलेल्या कानालाच ते ओळखू येतील.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांमधली पोकळी ‘द क्लोन वॉर्स’ या सात पर्वांच्या ॲनिमेटेड मालिकेने भरली. सुरुवातीची पर्वे मुलांसाठी आहेत, पुढे ती गंभीर होत जाते. सगळी पाहणे शक्य नसेल तर निदान सातव्या पर्वाचे शेवटचे चार भाग पाहावेत. ते तिसऱ्या भागाच्या समांतर घडतात आणि त्याचे दुःख वाढवतात.

डिस्नेने २०१२ मध्ये लुकासची कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरना घेतली. त्यानंतरच्या त्रयीत एकसंध आराखड्याचा अभाव जाणवतो. जे. जे. एब्रम्सचा सातवा भाग १९७७ च्या चित्रपटाची आखणी जवळजवळ जशीच्या तशी गिरवतो. रायन जॉन्सनचा आठवा भाग ती चाकोरी मोडतो, आणि पुन्हा एब्रम्सकडे आलेला नववा भाग आठव्याचे बरेचसे पुसून टाकतो. तिन्हींत धाडस आहे ते आठव्यातच. ‘सोलो’ निरुपद्रवी आहे, तो राहिला तरी चालेल.

‘रोग वन’ मात्र चुकवू नये. तो संपतो त्याच्या काही क्षणांनंतर चौथा भाग सुरू होतो. त्याच्या एका नायकाची आधीची कथा सांगणारी ‘अँडॉर’ ही टोनी गिलरॉयची मालिका २०२२ आणि २०२५ मध्ये दोन पर्वांत आली. चोवीस भागांच्या या मालिकेत जेडाय जवळजवळ नाहीत. तिच्यात कारकून, कैदी, हेर आणि नाइलाजाने बंडाकडे वळणारी साधी माणसे आहेत. पहिल्या पर्वातला तुरुंग आणि दुसऱ्या पर्वातले घोरमन ग्रहावरचे हत्याकांड पाहताना साम्राज्य कशावर चालते हे कळते : नोंदवह्या, बैठका आणि बढतीची हाव. मूळ त्रयीनंतर ‘अँडॉर’, मग ‘रोग वन’ आणि लगेच चौथा भाग पुन्हा, हा क्रम प्रौढ प्रेक्षकासाठी उत्तम. मुलांसोबत पाहणाऱ्यांनी ‘अँडॉर’ बाजूला ठेवून सहाव्या भागानंतर ‘द मँडलोरियन’ची पहिली दोन पर्वे घ्यावीत. तिची कथा सहाव्या भागाच्या सुमारे पाच वर्षांनंतरची आहे. तिसरा भाग त्यातल्या अग्नीच्या आणि हिंसेच्या दृश्यांमुळे लहान मुलांना दाखवण्याआधी मोठ्यांनी एकदा स्वतः पाहिलेला बरा.