भाताच्या ओळीत मावणारं यंत्र

लावणीनंतर पंधरवडाही उलटत नाही तोच खाचरात पाखड आणि लव्हाळा डोकं काढतात. मग बेणणी सुरू. घोटाभर चिखलात दिवसभर वाकून तण उपटायचं हे काम बहुतेक ठिकाणी बायकांच्याच वाट्याला येतं.

बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. तिथल्या जीकेव्हीके आवारात डॉ. शैलजा हित्तलमनी आणि सहकाऱ्यांनी ‘एमएएस ९४६-१’ हे एरोबिक भाताचं वाण तयार केलं. २००७ साली ते प्रसारित झालं. चिखलणी नाही, लावणी नाही, शेतात पाणी तुंबवणं नाही. पाण्याची मोठी बचत झाली. पण खाचरात साठलेलं पाणीच तर तणाला दाबून ठेवत असतं! ते हटलं की भात आणि तण एकाच वेळी उगवतात. अशा कोरड्या रानात चाकाचं कोळपं चालतं. धूळवाफेवर भात पेरणाऱ्या बेळगावकडच्या खानापूरकरांना कोळपणी नवी नाही.

चिखलातलं यंत्र मात्र निराळं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने घडवलेला ‘कोनो वीडर’ आज सर्वांत ओळखीचा. पुढे होडीच्या नाकासारखा तरंगता पत्रा, तो यंत्राला रुतू देत नाही. त्यामागे पात्यांचे दोन निमुळते रोलर, एकाचं तोंड दुसऱ्याच्या उलट दिशेला. दांडा पुढे-मागे ढकलला की वरचा चिखल आडवा घुसळला जातो, कोवळं तण उपटून तिथेच गाडलं जातं. तण मोठं झालं, किंवा चिखलावर पाण्याचा पातळ थर नसला, की पात्यांत चिखल अडकतो आणि ढकलणाऱ्याचा जीव जातो. दांड्याची उंची कमी-जास्त करता आली नाही तर पुन्हा कंबरच वाकते.

खरी मेख आहे ओळींच्या अंतरात. ‘श्री’ या भातलावणीच्या पद्धतीत रोपं २५ बाय २५ सेंटिमीटरवर चौफुलीने लावतात, म्हणून यंत्र उभं-आडवं दोन्ही फिरतं. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीच्या आठ ओळींच्या लावणी यंत्राने मात्र २३.८ सेंटिमीटरची ओळ पडते, तर बऱ्याच जपानी यंत्रांची ३० ची. अरुंद ओळीत रुंद वीडर घातला तर फुटवेच तुटतात. रुंद ओळीत अरुंद घातला तर तणाची पट्टी तशीच राहते. आणि दोन चुडांमधलं तण? एकाच दिशेने लावलेल्या शेतात ते अजूनही हातानेच काढावं लागतं.

पेट्रोल इंजिनचे दोन-तीन ओळींचे वीडरही मिळतात. मोठ्या सलग शेतात ते शोभतात. कोकणातल्या लहान खाचरांत बांधाशी वळवतानाच दमछाक होते. तिथे हलकं हातयंत्रच बरं.

जीकेव्हीकेत दरवर्षी कृषी मेळा भरतो. तिथे किंवा आणखी कुठे वीडर घ्यायचा असेल, तर आपल्या ओळींचं अंतर मोजून न्या, आणि घरात जी बेणणी करते तिलाच आधी दांडा धरून पाहू द्या.