कार्ड स्वाइप यंत्र

कार्ड स्वाइप यंत्र हे दुकान, उपाहारगृह, औषधालय इत्यादी ठिकाणी ग्राहकाच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरून बिलाची रक्कम स्वीकारण्यासाठी वापरले जाणारे उपकरण आहे. व्यापारी त्यास पीओएस यंत्र किंवा स्वाइप मशीन असेही म्हणतात. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर भारतातील लहान दुकानांतही त्याचा प्रसार वाढला. लहान व्यावसायिकासाठी यंत्राच्या किमतीपेक्षा त्याचे मासिक भाडे आणि प्रत्येक व्यवहारावर होणारी कपात अधिक महत्त्वाची ठरते. कारण ही कपात थेट त्याच्या नफ्यातून जाते.

कार्यपद्धती

यंत्र कार्डावरील चिप वाचते व ग्राहक पिन नोंदवतो. ही माहिती सांकेतिक स्वरूपात यंत्र पुरवणाऱ्या बँकेकडे आणि तेथून रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या जाळ्यामार्फत कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. मंजुरी मिळताच पावती निघते. रक्कम मात्र व्यापाऱ्याच्या खात्यात सामान्यतः पुढील कामकाजाच्या दिवशी जमा होते. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार स्पर्शविरहित कार्डाने पिनशिवायही करता येतात.

प्रकार

१. सिमकार्ड किंवा वायफायवर चालणारे व पावती छापणारे यंत्र. सततची गर्दी असलेल्या दुकानास हे सोयीचे असते.
२. ब्लूटूथद्वारे मोबाइलला जोडले जाणारे छोटे यंत्र. पावती लघुसंदेशाने जाते. फिरत्या विक्रेत्यांना व घरपोच सेवेस ते उपयुक्त ठरते.
३. स्पर्शपटल असलेले अँड्रॉइड यंत्र. यात बिल तयार करणे व क्यूआर कोड दाखवणे या सोयी असतात; भाडे सहसा अधिक असते.
४. योग्य सुविधा असलेल्या मोबाइललाच यंत्राचे रूप देणारे ॲप. यात ग्राहक आपले कार्ड व्यापाऱ्याच्या मोबाइलवर टेकवतो.

खर्च

प्रत्येक व्यवहारातून कापल्या जाणाऱ्या शुल्कास एमडीआर म्हणतात. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डासाठी त्याची कमाल मर्यादा ठरवली. मागील आर्थिक वर्षातील उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्यास यंत्रावरील व्यवहारासाठी ०.४० टक्के (कमाल २०० रुपये) आणि इतरांस ०.९० टक्के (कमाल १,००० रुपये) अशी ही मर्यादा आहे. हे शुल्क ग्राहकाकडून वसूल करता येत नाही. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व बँक खात्यावरून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर एमडीआर नाही. क्रेडिट कार्डाच्या दरास अशी मर्यादा नसून तो करारानुसार ठरतो. २,००० रुपयांपेक्षा मोठ्या व्यवहारात शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो.

उदाहरणार्थ, ५,००० रुपयांच्या विक्रीवर ५ टक्के नफा धरल्यास २५० रुपये सुटतात. लहान व्यापाऱ्यास व्हिसा डेबिट कार्डावर ०.४० टक्के दराने २० रुपये शुल्क व ३.६० रुपये कर द्यावा लागतो. क्रेडिट कार्डाचा दर २ टक्के असल्यास करासह ११८ रुपये, म्हणजे जवळपास निम्मा नफा जातो. भाड्याचेही तसेच आहे. मासिक भाडे ४०० रुपये असल्यास दरमहा २०,००० रुपयांच्या कार्डविक्रीवर ते २ टक्के पडते, तर २ लाखांच्या विक्रीवर ०.२ टक्के. त्यामुळे बहुतेक ग्राहक यूपीआय वापरत असल्यास केवळ क्यूआर कोड पुरेसा ठरू शकतो.

करारापूर्वी पाहावयाच्या बाबी

• डेबिट व क्रेडिट कार्डांचे दर स्वतंत्रपणे लिहिलेले आहेत का
• किमान व्यवहार न झाल्यास दंड, कराराची किमान मुदत व यंत्र परत करण्याच्या अटी
• खात्यात रक्कम जमा होण्याचा कालावधी व त्याच दिवशी जमा होण्यासाठीचे जादा शुल्क
• दुकानातील मोबाइल जाळ्याची स्थिती. करारापूर्वी प्रत्यक्ष चाचणी घेणे इष्ट
• यंत्र बिघडल्यास दुरुस्ती किंवा बदली किती दिवसांत मिळते

सुरक्षितता व तक्रारी

पिन ग्राहकाने स्वतः नोंदवणे आवश्यक असते. ग्राहकाने व्यवहार अमान्य केल्यास पावती हा पुरावा ठरतो. उष्णतासंवेदी कागदावरील छपाई कालांतराने पुसट होते. म्हणून मोठ्या रकमेच्या पावतीचे छायाचित्र जपून ठेवणे उपयुक्त असते. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा होऊनही दुकानात मंजुरी न पोहोचल्यास, रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ मधील नियमानुसार ती व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत जमा होणे बंधनकारक आहे. त्यापुढील विलंबासाठी ग्राहकास दररोज १०० रुपये भरपाई मिळते.