अंतर्जात रेट्रोव्हायरस
पूर्वजांच्या जननकोशिकांतील डीएनएत कायमचे सामावलेले व आनुवंशिकतेने पुढील पिढ्यांत उतरत आलेले रेट्रोव्हायरसांचे अवशेष. मानवी जीनोमाचा सु. ८% भाग त्यांनी व्यापला आहे. मानव व चिंपँझी यांच्या गुणसूत्रांत असे अनेक अवशेष नेमक्या त्याच स्थानी आढळतात. हे योगायोगाने घडणे दुर्घट असल्याने तो समान पूर्वजाचा सबळ पुरावा मानतात. उत्परिवर्तनांमुळे बहुतेक अवशेष निष्क्रिय झाले आहेत. काहींना मात्र नवे कार्य लाभले. सिन्सिटिन–१ हे मूळचे व्हायरसाला कोशिकेत शिरण्यास मदत करणारे, त्याच्या आवरणातील प्रथिन होय. तेच मानवी वारेतील (अपरेतील) कोशिकांचा संयोग घडविते, असे २००० मध्ये दिसून आले. या संयोगाने बनलेल्या थरातूनच गर्भाला मातेकडून ऑक्सिजन व पोषकद्रव्ये मिळतात. एके काळचा संसर्ग अशा रीतीने गर्भपोषणाचे साधन बनला आहे.