सदुसष्टाव्या वर्षी एंट्री

सरकारी नोकरी सांभाळून राज्य नाट्य स्पर्धेत मी जी कामं केली, त्यांत हवालदार, गडी आणि 'मुलीचे काका' हीच जास्त. त्यामुळे सिनेमा बघताना माझं लक्ष नायकापेक्षा मागे वावरणाऱ्या माणसांकडे जातं. विल्यम वायलर यांच्या 'डिटेक्टिव्ह स्टोरी'त (१९५१) नायक आहे कर्क डग्लस. त्याच पोलीस चौकीत साफसफाई करणारा एक म्हातारा आहे, विली. ते काम केलं बर्ट मस्टिन यांनी. त्या वेळी ते ६७ वर्षांचे होते आणि पडद्यावर अगदी नवखे.

मस्टिन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८८४चा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. १९०३ साली पेनसिल्व्हेनिया मिलिटरी कॉलेजातून सिव्हिल इंजिनीअरिंग केलं, पण पोटापाण्याला लागले ते मोटारी विकायला. ओकलंड, फ्रँकलिन, मर्सर अशा आज कुणाला आठवतही नसलेल्या गाड्या त्यांनी विकल्या. दिवस गिऱ्हाइकांचा आणि संध्याकाळ तालमीची. हौशी मंडळींबरोबर ते गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या विनोदी संगीतिकांत काम करत. बार्बरशॉप गायनाचाही त्यांना नाद होता. या प्रकारात चार आवाज वाद्यांच्या साथीशिवाय एकमेकांना धरून गातात. रेडिओ अगदी बाल्यावस्थेत असताना, १९२१ साली, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावर त्यांनी कार्यक्रमाचं निवेदनही केलं होतं.

निवृत्तीनंतर ते ॲरिझोनातल्या टूसॉनला राहायला गेले. नाटक मात्र सुटलं नाही. फिनिक्सच्या सॉम्ब्रेरो प्लेहाउसमध्ये 'डिटेक्टिव्ह स्टोरी'च्या मूळ नाटकाचा प्रयोग झाला, त्यात मस्टिन होते. वायलर यांनी त्यांना तिथे पाहिलं आणि चित्रपटात घेतलं. पुढे मस्टिन कॅलिफोर्नियात आले आणि जवळपास पंचवीस वर्षं सिनेमा-टीव्हीत काम करत राहिले. लहानमोठ्या भूमिकांची संख्या दीडशेच्या वर गेली.

एवढं काम मिळालं कसं? एक कारण काळाचं. १९५०च्या दशकात अमेरिकेत टीव्ही घरोघर पोचला आणि मालिकांना दर आठवड्याला नवी माणसं लागू लागली. शेजारी, पहारेकरी, गावातले आजोबा. नाटकात चाळिशीतल्या नटाला पांढरा विग लावून आजोबा करता येतं, कारण प्रेक्षक लांब बसलेला असतो. कॅमेरा जवळ आला की विगची कड दिसते आणि मानेची कातडी खरं वय सांगून टाकते. मस्टिन यांना विग नकोच होता. उंच, सडपातळ, लांबट चेहऱ्याचे आणि टकलू. वय रंगवावं लागत नव्हतं, त्यामुळे सगळं लक्ष वाक्याकडे देता येई.

दुसरं कारण आम्ही किरकोळ कामं करणारेच जाणतो. दोन वाक्यांच्या भूमिकेला चाचपडायला जागा नसते. नायक पहिल्या अंकात अडखळला तर दुसऱ्यात सावरतो, आमचा हवालदार अडखळला की प्रवेशच पडतो. आत यायचं, समोरच्याला त्याचं वाक्य मिळवून द्यायचं आणि वेळेवर बाहेर पडायचं. मस्टिन यांच्या अंगात हे तालमींनी मुरलेलं होतं.

'लीव्ह इट टू बीव्हर' मालिकेत ते गस नावाचे अग्निशामक झाले. छोटा बीव्हर मनातलं बोलायला त्यांच्याकडे येतो. घरातल्या मोठ्यांना जे सांगता येत नाही, ते या परक्या आजोबांना सांगता येतं. 'ऑल इन द फॅमिली'त १९७३ साली ते वृद्धाश्रमातून पळालेले मिस्टर क्विग्ली होऊन आले. मालिकेचा नायक आर्ची याची बायको एडिथ त्यांना घरी घेऊन येते आणि आर्चीचं डोकं फिरतं. भूमिका केविलवाणी करणं सोपं होतं, पण मस्टिन यांचा क्विग्ली दयेची भीक मागत नाही, त्याला फक्त आपल्या मर्जीने जगायचं असतं. प्रेक्षकांना तो आवडला आणि मालिकेत परत आला.

डिसेंबर १९७६मध्ये 'फिलिस' मालिकेत त्यांच्या पात्राचं लग्न लागलं. त्यांची वधू मदर डेक्स्टर झालेल्या ज्युडिथ लाउरी तो भाग दाखवला जाण्याआधीच वारल्या, आणि २८ जानेवारी १९७७ला मस्टिनही गेले. ९३व्या वाढदिवसाला थोडेच दिवस बाकी होते. म्हणजे अगदी शेवटापर्यंत काम.

आपल्याकडे ए. के. हंगल पन्नाशी उलटल्यावर 'तीसरी कसम'मधून (१९६६) सिनेमात आले. पोटासाठी शिंपीकाम केलेल्या या माणसाच्या गाठीशी इप्टा या नाट्यसंस्थेच्या नाटकांचा अनुभव होता. दोघांबद्दल 'उतारवयात सुरुवात' असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. उतारवयात लोकांचं लक्ष गेलं, एवढंच खरं. निवृत्तीने मस्टिन यांना मोकळा वेळ दिला, कला आधीचीच होती.

हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "निवृत्त झालोय, चेहराही बरा आहे, एखाद्या मालिकेत काम मिळेल का हो?" मी उलट विचारतो, "मिळेल की. पण गेली तीस वर्षं ऑफिस सुटल्यावर काय करत होतात?"