दंड भरला म्हणजे सुटलो?

कल्याण कोर्टाच्या जिन्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तारखा वाचतात, खाडा होत नाही, डोंबिवलीहून हेलपाटे पडत नाहीत. पण हजार-पाचशेच्या त्या पावतीबरोबर दोषसिद्धी नावावर चढते आणि पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत नेमकी वर येते.

मागे डोंबिवली पूर्वेतल्या १९ वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण माझ्याकडे आलं. दुकानाच्या काउंटरवरचा मोबाइल उचलला, घाबरला आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिला. आई म्हणाली, "मॅडम, करू दे कबूल. मला परत रजा नाही मिळायची." मी आधी बिल मागितलं. फिर्यादीत किंमत होती १२ हजार, म्हणजे नव्या मोबाइलची. प्रत्यक्षात तो चार वर्षं वापरलेला, काच तडकलेली. दुकानदारानेच बिल काढून दिलं आणि पुरवणी जबाबात सांगितलं, आता याचे कोणी तीन हजारसुद्धा देणार नाही.

हा आकडा फार महत्त्वाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू परत केली असेल, तर शिक्षा एकच, समाजसेवा. ती कुठली, किती दिवस, हे कायद्यात लिहिलेलं नाही, न्यायाधीश ठरवतात. शिवाय अशी चोरी अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पोलीस ठाण्यात लिहून घेताना किंमत फुगली की ही दारं बंद होतात.

तरी समाजसेवा ही शिक्षाच. मला स्वतःला १९५८ चा परिवीक्षा कायदा जास्त मोलाचा वाटतो. त्यात कलम ३ खाली नुसती समज देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. कलम १२ मुळे दोषसिद्धीची अपात्रता अशा माणसाला चिकटत नाही. २१ वर्षांखालच्या मुलाला, जन्मठेपेपर्यंत जाणारा गुन्हा नसेल तर, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहिल्याशिवाय आणि कारणं नोंदवल्याशिवाय तुरुंगात पाठवताच येत नाही. पण वकिलाने शिक्षेच्या आधी उठून मागितलं नाही, तर पुष्कळदा हा विषयच निघत नाही. अधिकारी घरी येणार म्हटलं की आया पोह्यांच्या तयारीला लागतात. मी सांगते, पगाराची चिठ्ठी आणि कॉलेजचा दाखला काढून ठेवा, शेजारच्या काकांना घरी थांबायला सांगा. अहवाल त्यावर उभा राहतो.

अठराच्या आतल्या मुलांसाठी वाट आणखी रुंद आहे. किरकोळ गुन्ह्यात एफआयआर नाही. डायरीत नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. बेडी घालायची नाही. चौकशी चार महिन्यांत, मुदत वाढवली तरी आणखी दोन महिन्यांत संपली नाही, तर ती बंद होते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन जीव गेले आणि अल्पवयीन चालकाच्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध आला. लोक खवळले, ते रास्तच होतं. तो किरकोळ गुन्हा नव्हता. पण तो राग हेडफोन उचलणाऱ्या आठवीतल्या पोरावर काढू नये.

तेव्हा घरातल्या कुणावर अशी वेळ आली, तर "कबूल" म्हणण्याआधी वकिलाशी बोला. स्त्रिया, मुलं आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे १५१००.