फळांचा स्वाद कुठून येतो? व्हिस्की लिकर आणि फेणीतील फरक

पणजी : सफरचंद, पीच किंवा चेरीच्या स्वादाच्या व्हिस्की लिकरमध्ये फळाचा गंध धान्यापासून मद्य तयार झाल्यानंतर मिसळला जातो. गोव्याच्या काजू फेणीत तो मूळ फळातूनच येतो. काजूची बोंडे चुरडून काढलेला रस आंबवला जातो. पहिल्या ऊर्ध्वपातनातून सौम्य हुर्राक आणि त्यापुढील ऊर्ध्वपातनातून तीव्र फेणी मिळते. या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्कीत साखर वा स्वादद्रव्य घालता येत नाही. लिकरमध्ये मात्र प्रतिलिटर सर्वसाधारणपणे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते. त्यामुळे बाटलीवरील ‘लिकर’ हा शब्द चवीइतकाच साखरेचाही निदर्शक ठरतो.

चव पारखताना आधी गंध आणि मग लहानसा घोट घेतला जातो. थोडे पाणी मिसळल्यास मद्यार्काची जळजळ ओसरते व फळाचा गंध उलगडतो. मिश्रणात लिकरच्या गोडीला लिंबाचा आंबटपणा तोलून धरतो. गोव्यात हुर्राकमध्ये लिंबू, मीठ व हिरवी मिरची घालण्याची पद्धत आहे.

मात्र गोडी मद्याची तीव्रता लपवते, मद्यार्क कमी करत नाही. ४० टक्के तीव्रतेच्या ३० मिलिलिटर व्हिस्कीत १२ मिलिलिटर मद्यार्क असतो. ३० टक्क्यांच्या ६० मिलिलिटर लिकरमध्ये तो १८ मिलिलिटर भरतो. सोडा ओतल्याने पेला भरतो, मद्यार्क तेवढाच राहतो. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.